‘लेफ्ट’ या शब्दाचं आपलं भांडण

उस्मान,

आज सहावा दिवस. तुला माती दिली तेव्हा मी कब्रस्तानाच्या भिंतीशी उभा होतो. शाळेतली मुलं आली होती, टोप्या सारख्या करत, कुठं उभं राहावं ते न कळून. त्यांतला एक दुसऱ्याला हळूच म्हणाला, "लेफ्ट मास्तर गेले रे."

वाटलं, पुढं व्हावं आणि त्याच्या तोंडावर हात ठेवावा. पण त्याचा काय दोष? अख्खं जुन्नर तुला त्याच नावानं ओळखत होतं. कुणी मायेनं म्हणायचं, कुणी टोमणा म्हणून. तू दोघांनाही सारखाच हात वर करायचास. ते नाव तुला कसं चिकटलं हे लोकांना अर्धंच ठाऊक आहे. बाकीचं अर्धं मला ठाऊक होतं, आणि ते मी सात वर्षं गिळून बसलो.

तुझी नोकरी, तुझं घराणं, तू किती पोरं शिकवलीस, हे दुसरे सांगतील. मला एकच गोष्ट सांगायची आहे आणि ती तुलाच सांगायची आहे. उशीर झालाय हे मला कळतं.

तो शब्द आपल्याला पहिल्यांदा भेटला तो तुझ्या हातावर. तू डावखुरा. इंग्रजीच्या वर्गात तू डाव्या हातात टाक धरलास की सर रूळ उचलायचे. "धिस इज युवर लेफ्ट हँड," म्हणत मारायचे. लेफ्ट म्हणजे डावा, हे माझ्या डोक्यात शिरलं ते तुझ्या बोटांवरचे वळ बघून. महिन्याभरानं धडा आला, रामानं घर सोडलं, आणि त्यातही तोच शब्द. तू उभा राहिलास. "सर, डावा हात घर सोडून कसा जाईल?" सगळा वर्ग हसला आणि तुला आणखी एक रूळ मिळाला. पुढच्या धड्यात टोपलीत तीन आंबे उरले, तिथंही लेफ्ट. मी तुझा सदरा खाली ओढत होतो तरी तू उठलासच.

"म्हणजे गेला तोही लेफ्ट, आणि राहिला तोही लेफ्ट?"

"हो."

"मग कळायचं कसं, सर?"

सरांनी रूळ खाली ठेवला. मग म्हणाले, "पुढचं-मागचं वाचून."

त्या दिवशी शाळा सुटल्यावर तू मला तुमच्या कागद बनवायच्या हौदाशी नेलंस. तुझे वडील साचा पाण्यात बुडवून वर काढत होते. एकेक ओला ताव आपल्यासमोर आकार घेत होता. तू त्यांना तो प्रश्न सांगितलास. त्यांना इंग्रजी येत नव्हतं. ते म्हणाले, "बेटा, कागद हातात घेतल्याशिवाय आम्ही त्याच्याबद्दल बोलत नाही. तुमच्या शब्दांचं तुम्ही बघा." तुझी बोटं तेव्हापासूनच कागद ओळखायची. डोळे मिटून तू ताव चाचपायचास आणि सांगायचास, हा आपला, हा गिरणीचा, यावर कुणीतरी लिहून खोडलंय.

पुढं तू त्याच शाळेत इंग्रजीचा मास्तर झालास आणि मी पोस्टात चिकटलो. माझा रजेचा प्रत्येक अर्ज तू तपासून द्यायचास. कधी पान खात, कधी माझ्यावर ओरडत. "विसू, तुला रजा हवीय की तू नोकरी सोडतोयस? साहेब गोंधळेल." मी हसून अर्ज परत लिहायचो. माझ्या इंग्रजीचा मला फार तोरा होता, उस्मान. तुझ्याइतकं येत नव्हतं म्हणून जरा जास्तच.

मग प्लेग आला.

गाव रिकामं झालं होतं. जो तो मळ्यात, माळावर, झावळ्यांच्या झोपडीत. पोस्टसुद्धा गावाबाहेर एका चिंचेखाली आणलं होतं. एक टेबल, एक पेटी, वर ताडपत्री. तुझी शाळा बंद होती, म्हणून तू रोज सकाळी माझ्याकडे येऊन बसायचास आणि लोकांची पत्रं वाचून द्यायचास. नदीपलीकडे, लेण्याद्रीच्या बाजूच्या माळावर, छावणी होती. ज्या घरात प्लेग झाला त्या घरातल्या धडधाकट माणसांनाही तिथं नेऊन दहा दिवस ठेवायचे. छावणीचा डॉक्टर गोरा, नवखा, त्याला मराठीचं अक्षर येत नव्हतं. त्याचं म्हणणं सांगणारा मदतनीसच तापानं पडला, तेव्हापासून डॉक्टर इंग्रजीत चिठ्ठ्या लिहायचा. फाटकावरचा शिपाई त्या आणून माझ्याकडे द्यायचा आणि मी नातेवाइकांना वाचून सांगायचो.

डिंगोऱ्याचा धोंडिबा आठ दिवस माझ्या चिंचेखाली बसून होता. त्याचा भाऊ प्लेगानं गेला तेव्हा हा ओतूरच्या बाजाराला गेला होता. परत आला तो घराला कुलूप; आई, बायको आणि अकरा वर्षांची लेक छावणीत. फाटकाच्या आत सोडत नव्हते म्हणून तो माझ्याकडे येऊन बसायचा. बोलायचा नाही. शिपाई लांबून दिसला की उठून उभा राहायचा, आणि चिठ्ठी दुसऱ्याची निघाली की परत खाली बसायचा.

त्या दिवशी चिठ्ठी त्याची होती.

शिपायानं ती चिरलेल्या बांबूच्या टोकात अडकवून माझ्यापुढं धरली. तेव्हा सगळेच तसं करायचे. आदल्याच आठवड्यात आमच्या पोस्टातला डाक वाटणारा गेला होता, आणि लोक म्हणत होते की छावणीच्या कागदातून आला. मी तिला हात लावला नाही. मान वाकडी करून, हातभर लांबून वाचली. वर लिहिलं होतं, डिंगोऱ्याच्या धोंडीची माणसं. खाली दोन शब्द, 'वन लेफ्ट'. त्याखाली, त्याला ताबडतोब पाठवा. एक कोपरा बांबूच्या चिरेत दबलेला होता. मी शिपायाला म्हटलं, ठेव तिथं, दगडाखाली. आणि जे दिसलं होतं ते माझ्या कोऱ्या कागदावर उतरवून घेतलं.

शिपाई गेला. धोंडिबा समोर उभा होता.

"काय म्हनत्यात, भाऊ?"

मी थांबलो नाही, उस्मान. तू यायची वाट पाहिली नाही. मला इंग्रजी येत होतं ना. मी म्हणालो, "धोंडिबा, एक गेलं रे."

तो ओरडला नाही. एवढंच विचारलं, "कोन?"

"ते लिहिलेलं नाही."

तेवढ्यात तू आलास. त्याचा चेहरा बघून तुला कळलं. मी तुला माझा कागद दिला. तू वाचलास, परत वाचलास आणि मला ताडपत्रीमागं ओढून नेलंस.

"तू काय सांगितलंस त्याला?"

"एक गेलं म्हणून."

"विसू, मेलेल्या माणसाला साहेब लेफ्ट लिहीत नाही. तो सरळ मेला म्हणून लिहितो. या आठवड्यात वीस चिठ्ठ्या वाचल्या आपण. एकीत तरी हा शब्द होता?"

"मग?"

"वन लेफ्ट म्हणजे एक उरलं."

"म्हणजे दोन..."

"हळू बोल."

"नसेल तसं. गेला म्हणजे गेला. आपण पण म्हणतोच की."

"आपण म्हणतो. तो म्हणत नाही." तू कागद माझ्यापुढं धरलास. "एवढंच लिहिलंय? पुढं-मागं काहीच नाही?"

"एवढंच," मी म्हणालो.

तू माझ्याकडे बघितलंस. तुझा हात दगडाकडे जात होता. मी तुझा दंड धरला आणि म्हणालो, "हात लावू नकोस. जसं आहे तसं उतरवलंय. माझ्यावर विश्वास नाही का?" आणि तू हात मागं घेतलास.

त्यानंतर आपण किती वेळ भांडलो? मी म्हणत होतो, सांगू नको, चुकलं तर? तू म्हणत होतास, खरं असलं तर तो तिथं जाऊन एकदम बघेल, त्यापेक्षा वाटेत कळलेलं बरं. मी म्हणत होतो, एकाचंच दुःख घेऊन जाऊ दे त्याला. तू म्हणालास, "आणि दुसरं तिथं त्याच्या अंगावर टाकू?" तू माझी कॉलर धरली होतीस. तू कधी कुणाच्या अंगाला हात लावला नव्हतास. ऊन ताडपत्रीवरून पार पलीकडे सरकलं होतं. धोंडिबा तसाच उभा होता. त्याला आपले शब्द ऐकू येत नव्हते, पण आपले हात दिसत होते.

शेवटी तोच म्हणाला, "मास्तर, काय आसंल त्ये सांगा. म्या ऐकतो."

तू गेलास आणि सांगितलंस. त्याच्या खांद्यावर हात ठेवून, हळू. एक उरलं असावं. कोण ते कळत नाही. तो खाली बसला, उठला, आणि चालायला लागला. तू त्याच्याबरोबर निघालास. माझ्याकडे वळूनसुद्धा बघितलं नाहीस.

आता जे सांगतो ते मी कुणालाच सांगितलेलं नाही. माझ्या बायकोलाही नाही.

तुम्ही दिसेनासे झाल्यावर मी चिमट्यानं ती चिठ्ठी उचलली. अशा चिठ्ठ्या आम्ही जाळायचो. शेगडीत टाकली. ती एकदम पेटली नाही, वळली. वळताना बांबूत दबलेला कोपरा मोकळा झाला आणि त्यावर बारीक अक्षरात एकच शब्द दिसला, 'ओव्हर'. मागे पाहा. मग कागद उलटला. मागं तीन ओळी होत्या. मला पहिल्या दोन वाचता आल्या. मुलगी, आजारी नाही. पहाटे कुंपण ओलांडून गेली. तिसरी जळली.

लेफ्ट म्हणजे निघून गेली. शाळेत शिकलेला साधा अर्थ. रामानं घर सोडलं, तसा. त्या दिवसांत छावणीतून कुणी आपल्या पायांनी निघून जाईल हे आपल्या दोघांच्याही डोक्यात आलं नाही. मी मरण वाचलं, तू त्याहून जास्त मरण वाचलंस. पण तुझ्या हातात माझा अर्धा कागद होता. अख्खी चिठ्ठी दगडाखाली होती. तू ती नुसती बोटांत धरली असतीस तरी मागं उमटलेला टाकाचा ओरखडा तुला लागला असता.

मी धावलो. पोस्ट उघडं टाकून, पेटी उघडी टाकून धावलो. फाल्गुनातलं ऊन होतं, नदीत घोटाभर पाणी. पाण्यात पडलो, उठलो. वाटेत तुम्हाला गाठलं असतं तर ओरडून सांगितलं असतं, हे मी आजही छातीवर हात ठेवून म्हणतो. पण तुम्ही पोचला होतात. लांबून दिसलं की फाटकाशी डॉक्टर उभा आहे, हात हलवून बोलतोय, आणि तू ऐकतोयस. मग तू वळून धोंडिबाला काहीतरी सांगितलंस. धोंडिबा फाटकाचा खांब धरून खाली बसला. आतल्या कुडाच्या पलीकडे दोन बायका उभ्या होत्या. एक तरणी, एक म्हातारी. म्हातारी ओरडून विचारत होती, "धोंड्या, पोर घावली का रं?"

मी तुझ्याजवळ पोचलो. तुझा चेहरा मला वाचता आला नाही.

"धावत का आलास?" तू विचारलंस.

एवढा सोपा प्रश्न. आणि मी म्हणालो, "तुमची काळजी वाटली म्हणून."

तू माझ्या ओल्या धोतराकडे बघितलंस. मग धोंडिबाकडे वळलास, हात जोडलेस आणि म्हणालास, "चूक माझी. अर्थ मी चुकवला." मी तिथंच उभा होतो. दोन हातांवर. माझं तोंड उघडलं नाही.

मग पोरीचा शोध. तिचं नाव चंद्रा. डॉक्टरचं म्हणणं होतं की शिपायांनी धरायच्या आत बापानं तिला आणावी; म्हणून तर सकाळीच बोलावलं होतं. आणि आता दुपार टळली होती. धोंडिबा म्हणाला, ती सडकेनं जायची नाही, शिपायांना भिते. डोंगराच्या कडेनं खिंडीकडे जाईल, घराकडे. आपण तिघं निघालो. तुझ्या पायात चपला होत्या, त्या तू मला दिल्यास, कारण माझ्या नदीत गेल्या होत्या. हे तुला आठवत होतं का? मला रोज आठवतं.

लेण्याद्रीच्या पायथ्याला एक गुराखी म्हणाला, सकाळी एक पोर इथं झऱ्यापाशी बसली होती, बराच वेळ. कुणीतरी येईल म्हणून बसल्यागत. मग उन्हानं वर गेली. तू त्याला विचारलंस, "केव्हापर्यंत होती?" त्यानं सूर्याकडे बोट केलं आणि जागा दाखवली. मी हिशेब केला. तूही केला असशील. आपण ताडपत्रीमागं भांडत उभे होतो तेव्हा ती त्या झऱ्याशी बसलेली होती.

मुख्य लेण्यांच्या बाजूला, वाट नाही अशा अंगाला ज्या लहान खोल्या कोरलेल्या आहेत, त्यांतल्या एकीत ती सापडली. तू पुढं होतास. तुझा कोट बघून तिला वाटलं, छावणीचं माणूस. ती आतून बाहेर पळाली आणि कड्यावरून घसरली. फार उंच नव्हतं. दीड पुरुष असेल. पण पाय मांडीपासून वाकडा झाला. तो आवाज मला ऐकू आला होता, उस्मान. तूही ऐकलास. तू जागेवरच कोट काढून लांब फेकलास आणि उतरून तिच्यापाशी गेलास. ती किंचाळत होती. धोंडिबानं तिला उचललं तेव्हा ती त्याच्या छातीत तोंड घालून म्हणाली, "आबा, आज्जीनं धाडलं मला. म्हनली, बापाला सांगून ये, आमी तिघीबी जित्या हाय. त्यो काळजी करीत आसंल."

धोंडिबानं मान वळवली. तुझ्याकडे बघितलं. तुझ्या डोळ्यांत आणि त्याच्या डोळ्यांत काहीतरी होतं, ज्यात मी नव्हतो.

ते काय होतं, मी तुला किती वेळा विचारलं! एकदाच तू एवढं बोललास, "नदीपासून फाटकापर्यंत तो देवाकडे मागत होता. एकच उरलंय तर कोण उरावं ते. त्यानं नाव घेतलं." मी म्हणालो, "कुणाचं?" तू म्हणालास, "ते त्याचं आहे." मी चिडलो. मित्रापासून काय लपवतोस, म्हणालो. असं म्हणायची माझी छाती झाली, बघ.

पुढं सगळ्या गावाला कळलं की उस्मान मास्तरानं साहेबाची चिठ्ठी चुकीची वाचली, जित्या माणसांना मारलं, आणि त्यापायी पोरगी लंगडी झाली. शाळा उघडली तेव्हा दोन पालक तक्रार घेऊन आले. तुझा वरचा वर्ग काढून तुला खालचा दिला. तू तक्रार केली नाहीस. त्या पोरांना तू आठवडाभर तो एकच शब्द शिकवलास. फळ्यावर वाक्यं लिहायचास, निम्मी झाकायचास, आणि विचारायचास, अर्थ काय? कुणी उत्तर दिलं की फळा उघडायचास आणि ते चुकलेलं असायचं. पोरं हसायची. "पुढचं-मागचं बघितल्याशिवाय बोलायचं नाही," तू म्हणायचास. तिथून ते नाव पडलं. मी खिडकीपाशी उभं राहून एकदा हे ऐकलं आणि आत न येताच परत गेलो.

आपण भांडत राहिलो, पण भलत्याच गोष्टीवर. मी म्हणायचो, तू सांगायला नको होतंस. तू म्हणायचास, तू आधी सांगायला नको होतंस. दर वर्षी शिमग्याच्या सुमाराला हे व्हायचं. तू बोलता बोलता थांबायचास आणि माझ्याकडे बघत राहायचास. मला वाटायचं, तुला पुढचा मुद्दा सुचत नाहीये. मी जिंकल्यासारखा पान लावायला घ्यायचो.

तरी तू माझ्याकडे येणं सोडलं नाहीस. माझ्या मुलाला तू शिकवलंस, एक पैसा न घेता, रोज तासभर. माझी आई गेली तेव्हा तिच्या उशाशी तू तीन दिवस बसला होतास. घरातले काय म्हणतील याची पर्वा तूही केली नाहीस आणि तिनंही केली नाही. ती तुला म्हणाली होती, "उस्मान, हा माझा विसू भित्रा आहे. तू त्याला सांभाळ." तू हसून म्हणालास, "मावशी, तो मला सांभाळतो." मला तेव्हा जमिनीत जावंसं वाटलं होतं.

तू तापानं पडलास. चौथ्या दिवशी मी आलो तेव्हा भाभी बाहेर गेल्या आणि आपण दोघंच राहिलो. तुझे ओठ सुकले होते. तू माझं मनगट धरलंस, डाव्या हातानं, आणि म्हणालास, "विसू, काही सांगायचंय?"

मी म्हणालो, "तू आधी बरा हो."

तू डोळे मिटलेस. मनगट मात्र सोडलं नाहीस. मी थोड्या वेळानं हळूच सोडवून घेतलं, टपालाची वेळ झाली होती म्हणून.

काल मी डिंगोऱ्याला गेलो. रजा टाकली. अर्ज कुणाकडून तपासून घ्यायचा हेच कळेना, तसाच दिला. खिंड चढून पलीकडे उतरलो. धोंडिबाचं घर मला माहीत नव्हतं. या सात वर्षांत मी त्या गावात पाऊल टाकलं नव्हतं. एका बाईनं दाखवलं. तो अंगणात गोफण वळत बसला होता. केस पांढरे झालेत. ओसरीवर त्याची आई होती. अजून आहे, उस्मान. डोळ्यांनी दिसत नाही, पण बसून शेंगा सोलत होती. चंद्राला अवसरीला दिली, मूल झालं, असं त्यानं मी विचारायच्या आधीच सांगितलं. "चालती तशीच. पर घरचं समदं करती."

मी म्हणालो, "मास्तर गेले."

त्यानं गोफण खाली ठेवली. "कवा?"

"पाच दिवस झाले."

मग मी बोललो. सगळं सांगितलं, न थांबता. बांबू, दगड, मी हात लावला नाही ते, अर्धा कागद, शेगडी, मागच्या ओळी, नदी. फाटकाशी मी गप्प राहिलो ते. ओसरीवर शेंगा सोलायचा आवाज बंद झाला होता.

धोंडिबा म्हणाला, "मला ठावं हाय."

मला वाटलं, माझी ऐकण्यात चूक झाली.

"मास्तर दर साली यायचे. मोहरमची सुट्टी आसली म्हंजी. चंद्रीला पाटी-पुस्तक आनायचे. पयल्याच साली म्या त्यास्नी म्हनलं, मास्तर, तुमच्यापायी माझ्या त्वांडातनं नगं त्ये निघालं देवाम्होरं. लई राग व्हता मला. तवा त्यांनी सांगितलं. म्हनले, साहेब फाटकाशी म्हनला, मागल्या अंगाला समदं लिवलंय की, वाचलं न्हाई का? म्हनले, मागल्या अंगाचं मला कुनी दाखवलं न्हाई. मग तुमी धावत आला, ओलेचिंब. तवा त्यास्नी उमगलं म्हनं."

"मग बोलला का नाही तो?" मी ओरडलोच जवळजवळ. "मला का नाही विचारलं?"

"म्या बी त्येच इचारलं. म्हनलं, चला, जुन्नरात जाऊ, त्या पोस्टवाल्याला धरू. तर म्हनले, न्हाई धोंडिबा. त्यो आपनहून सांगंल. भितो, पर खोटा न्हाई. म्या इचारलं तर त्यो हो म्हनंल आन् मग माझ्याकडं यायचा न्हाई." धोंडिबानं डोळे पुसले. "दर साली म्या इचारायचो, बोलला का वो तुमचा दोस्त? म्हनायचे, न्हाई अजून. म्या नाद सोडला व्हता. त्यांनी न्हाई सोडला."

म्हातारी ओसरीवरून म्हणाली, "पावण्याला पानी दे रं."

मी पाणी प्यालो नाही. तांब्या तसाच हातात धरून बसलो. मग तिनंच बोलावलं. जवळ गेलो. तिनं माझा हात चाचपला, बोटं, तळवा, मनगट, जसं काही मी कोण ते त्यातून कळणार होतं. आणि म्हणाली, "आमी तिघीबी जित्या व्हतो, बाबा. ऱ्हायलो की." धोंडिबा पाठ फिरवून उभा राहिला.

परत येताना खिंडीच्या माथ्यावर बसलो. खाली जुन्नर दिसत होतं. कब्रस्तान तिथून दिसत नाही, पण कुठल्या अंगाला आहे ते मला ठाऊक आहे. आजूबाजूला कुणी नव्हतं. मी उभा राहिलो आणि तुला मोठ्यानं सांगितलं. धोंडिबाला सांगितलं तसं लांबण लावून नाही. तू फाटकाशी विचारलं होतंस, धावत का आलास, त्याचं उत्तर.

मागं लिहिलेलं होतं, उस्मान. मी हात लावला नाही. मी भ्यालो.